पात सोडू नको

निवृत्तीनंतर मी नाशिकला मुलीजवळ राहायला आले. तिच्या घरासमोर एका कॉलेजचं मैदान आहे. सकाळी फिरायला निघाले की तिथे एक माणूस पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारताना दिसायचा. खुंट्या ठोकायचा, दोरी ताणायचा आणि फक्कीचा डबा घेऊन वाकायचा तो रेघ संपल्याशिवाय मान वर करायचा नाही. चार-पाच दिवसांनी मला ती वाकलेली पाठ ओळखीची वाटली. मी हाक मारली, "कोण, रावजी का रे?"

त्याने वर पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत रेघ नेली, डबा खाली ठेवला आणि मग वळला. "बाई! तुम्ही हितं?" म्हणत तो धावत आला आणि पाया पडला. माझ्या चपलांवर त्याच्या दहाही बोटांची फक्की उमटली.

रावजी भोये पेठ तालुक्यातल्या आमच्या आश्रमशाळेतला. तिथे मी एकवीस वर्षं मराठी शिकवलं. अभ्यासात तो मधला होता, अक्षर मोठं आणि सुटं, कबड्डीत मात्र पहिला. नववीत असताना त्याच्या हातून एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आश्रमशाळांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. मध्यंतरापर्यंत आमची शाळा बरीच मागे पडली होती. रावजी पाणी प्यायला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. हरण्याची लाज नको म्हणून त्याने सरळ एसटी धरली आणि गाव गाठलं. आमची मुलं उरलेला वेळ सहाजणांत खेळली आणि हरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई भिमाबाई त्याला घेऊन शाळेच्या फाटकात उभी होती. हातात विळा तसाच. त्या दिवसांत त्यांच्याकडे नागलीची कापणी चालली होती. ती मला म्हणाली, "बाई, ह्यानं अर्धी पात टाकली. असं आमच्यात कोनी करत नाय. ठेवा ह्याला, नायतर हाकला."

शेतात कापणीला किंवा खुरपणीला बायका ओळीनं बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला शेताचा एक पट्टा येतो, ती तिची पात. पात धरली की ती बांधापर्यंत न्यायची. जिची आधी संपते ती उठून जात नाही, मागे राहिलेल्या शेजारणीच्या पातीला लागते. मग सगळ्या मिळून बांधावर पोचतात. भिमाबाईला मुलाने सामना सोडला हे एवढ्या एका शब्दात सांगता आलं. मी ठेवून घेतलं, पण रावजी दोन दिवस वर्गाच्या बाहेरच उभा राहिला. त्याला कोणी उभं केलं नव्हतं.

बारावीनंतर तो देवळाली कॅम्पला एका मैदानावर गवत कापायच्या कामाला लागला. तिथे जवान फुटबॉल खेळत. एखादा गडी कमी पडला की या गवत कापणाऱ्याला आत घेत. असं करत करत तो खेळ शिकला. पुढे या कॉलेजात मैदानाची देखभाल करायला लागला. रजा काढून त्याने फुटबॉल प्रशिक्षकाचा सुरुवातीचा कोर्सही केला होता. त्याचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो नेहमी जवळ बाळगायचा. मला दाखवताना त्याने आधी हात धुतले.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये कॉलेजच्या संघाला शिकवणारे सर दुसरीकडे गेले. त्यांनाही दोष देता येत नाही. शहरातल्या सात कॉलेजांची साखळी स्पर्धा असते, प्रत्येकाचे सहा सामने. आदल्या हंगामात दोन सामने हरल्यावर मुलं यायचीच बंद झाली. तिसऱ्या सामन्याला पाचजण आले आणि वॉकओव्हर द्यावा लागला. आयोजकांचं पत्र आलं की पुन्हा सामना सोडला, किंवा गडी कमी पडून मध्येच थांबला, तर संघाचं नाव तीन वर्षं बाद. प्राचार्य कंटाळले. आपणच संघ बंद करून टाकू, असं त्यांच्या मनात आलं.

तेव्हा रावजी त्यांच्या केबिनमध्ये गेला. हे प्राचार्यांनीच मला नंतर सांगितलं. तो टेबलापासून लांब उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मला एक हंगाम द्या. जिंकायचं सांगत नाय मी. पण सहाच्या सहा सामने पोरं खेळतील. पुरे खेळतील."

"आणि नाही खेळली तर?"

"तर रेघा मारायलासुद्धा ठेवू नका."

प्राचार्यांनी एका हंगामापुरतं हो म्हटलं.

अठरा मुलांनी नावं दिली. कप्तान होता सार्थक, नाशिकरोडचा, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. मुलगा गुणी, चेंडू पायाला चिकटल्यासारखा राहायचा, पण बोलणं तिखट. पहिल्याच दिवशी मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने तो म्हणाला, "काल रेघा मारत होता, आज सर? भारी आहे आपलं कॉलेज." तेव्हापासून रावजीचं नाव 'फक्की सर' पडलं. रावजीला ते ठाऊक होतं. तो सरावाआधी पहाटे येऊन रेघा मारायचा आणि मुलं येईपर्यंत हात धुऊन उभा राहायचा. फक्की नखांत राहायची ती राहायचीच.

शिकवायची त्याची रीत त्याची स्वतःची होती. मैदानाचे त्याने मनातल्या मनात उभे पट्टे पाडले होते. प्रत्येकाने आपला पट्टा सांभाळायचा, शेजारचा मागे पडला की त्याच्या पट्ट्यात जाऊन हात द्यायचा. यात काही नवं होतं असं नाही, पुस्तकातही असंच काही असेल. पण रावजीपाशी त्यासाठी शब्द एकच होता.

पहिला सामना नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी झाला. मी थर्मास घेऊन गेले होते. रावजी रेघेबाहेरून ओरडत होता, "पात सोडू नको! सार्थक, पात सोडू नको! ललित, तूबी!"

आणि आमची मुलं विचित्र खेळत होती. ज्याच्या पायाशी चेंडू येई तो दुसऱ्याला देतच नसे. एकटा पळायचा, समोरच्या तिघांनी घेरेपर्यंत पळायचा आणि चेंडू घालवून बसायचा. पाच-शून्य. पुढच्या रविवारी तेच. चार-शून्य.

दुसऱ्या सामन्यानंतर सार्थक चिडून रावजीपाशी आला. "सर, सोडायचाच नाही, तर गोलपर्यंत घेऊन कोण जाणार? मी काय एकटाच आहे का?"

"एकटा कसा? शेजारी हाय ना तुझा," रावजी म्हणाला. "पण आधी आपली सोडायची नाय."

"हे काय लॉजिक आहे!" सार्थकने हात झटकले आणि तो निघून गेला.

मी तिथेच उभी होते. माझ्या कानांवर सगळं पडत होतं. पण मला तो शब्द लहानपणापासून माहीत, म्हणून चूक मला ऐकूच आली नाही.

ती ऐकली योगेशने. योगेश सायखेड्याचा. घरी कांद्याची लागवड होती म्हणून तो पहिल्या दोन सामन्यांना नव्हता. तिसऱ्याला तो आला तेव्हा संघात तेराजण उरले होते. मध्यंतराला आम्ही तीन-शून्य मागे. मुलं गवतावर बसली होती. योगेशने ललितला विचारलं, "काय रे, मी मोकळा उभा होतो लय वेळ. बॉल का नाय दिला?"

ललित हा सगळ्यांत अबोल मुलगा. तो खाली बघत म्हणाला, "सर सांगतायत ना. पास सोडू नको, पास सोडू नको."

 योगेश गवतावर आडवा पडून हसायला लागला. "अय येड्यांनो! पास नाय रे, पात! पात म्हन्तोय तो मानूस!"

"पात म्हणजे? कांद्याची?" सार्थकने विचारलं.

"कांद्याची नाय रे, कांदे खुरपायची. तुझ्या बापानं कधी खुरपं धरलं का?"

"माझ्या बापाचं मेडिकल आहे."

"मंग गोळी खा एक, अन् ऐक."

त्याने गवतावर बोटाने पट्टे आखून सगळं समजावलं. आपल्या मोठ्या आईची पात सगळ्यांत हळू चालते आणि तिघी जावा तिला मध्ये घेऊन कशा बांधाला लावतात, ते त्याने उकिडवं बसून करून दाखवलं. मुलं पोट धरून हसली. सार्थकही हसला. रावजी तेवढा हसला नाही. तो हातात पाण्याची बाटली घेऊन उभा होता. हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, "म्हंजे दोन सामने माझ्या तोंडामुळं गेले. चूक माझी हाय. तुम्ही सांगितलं तसंच खेळलात."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मैदानावर एखादे सर असं म्हणतात, हे त्यांनी पाहिलं नसावं.

उत्तरार्धात आमच्यावर एकही गोल झाला नाही. आम्ही तीन-शून्यच हरलो, पण मुलं निघताना एकमेकांना "पात, पात" करत होती. त्या दिवसापासून कोणी 'फक्की सर' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आता जिंकू लागतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. चौथा सामना दोन-शून्य गेला. एकाची परीक्षा आली, एकाला सकाळचं काम लागलं, एकाने जमत नाही एवढंच कळवलं. पाचव्या सामन्याला बरोबर अकराजण होते. तो सामना मी विसरणार नाही. समोरचा संघ कितीतरी बलवान, पण आमची मुलं एकमेकांच्या जागा भरत, धापा टाकत बरोबरीत टिकून राहिली. शेवटच्या दोन मिनिटांत कुणाच्या तरी गुडघ्याला लागून चेंडू आमच्याच गोलमध्ये गेला. एक-शून्य.

सार्थकने दंडावरची कप्तानाची पट्टी काढली आणि रावजीच्या हातात दिली. या वेळी त्याच्या बोलण्यात तिखटपणा नव्हता. "सर, वाईट खेळून हरलो तेव्हा काही वाटलं नाही. आज वाटलं. मला आता नाही जमणार."

"बरं," रावजी म्हणाला.

त्याच्या मागून त्याचे तीन मित्रही गेले. बाकीच्यांचे चेहरे पाहून मला वाटलं, आणखीही कोणी जाईल. मी रावजीला बाजूला घेतलं. "अरे, बरं काय म्हणतोस? एकच सामना उरलाय. समजाव त्याला."

तो पट्टीची घडी घालत होता. "बाई, आईनं मला फाटकापत्तर आणलं. पण वर्गात पाऊल टाकायला माझं मलाच दोन दिस लागले. त्याला काय हाताला धरून आणू?"

"आणि रविवारी सातसुद्धा आले नाहीत तर?" सातपेक्षा कमी खेळाडूंवर सामना होत नाही, एवढं मला आता कळत होतं.

 पट्टी त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्राजवळ ठेवली. त्या आठवड्यात त्याने मुलांच्या ग्रुपवर एकच ओळ टाकली होती: 'रविवार, सकाळी आठ, देवळाली.'

शेवटचा सामना देवळाली कॅम्पला होता, जानेवारीतल्या कडक थंडीत. गवतावर दव होतं. समोरचा संघ पहिल्या क्रमांकावर, वीसजणांचा, सगळे एकसारख्या स्वेटरमध्ये. आठ वाजता आमचे पाच आले होते. योगेश आणि ललित त्यांत होते. सव्वाआठपर्यंत पंच थांबणार होते. आठ वाजून सात मिनिटांनी सहावा आला. रावजी रस्त्याकडे बघत नव्हता. तो वाकून एका मुलाच्या बुटाची नाडी बांधत होता, आणि ती नाडी त्याने तीन वेळा सोडून तीन वेळा बांधली.

सव्वाआठला दोन मिनिटं असताना आमचा गोलकीपर बारकू फाटकातून पळत आला, बूट हातात, पाय अनवाणी. त्र्यंबकेश्वरहून येताना त्याची बस चुकली होती.

"कुठं होता रे?" योगेश ओरडला. "देवाला जाऊन आला का?"

"देवानंच सोडलं उशिरा," बारकू म्हणाला आणि बसून बूट चढवू लागला.

सातजण. सार्थक आला नाही. मी हे रागाने लिहीत नाही. तो भला मुलगा आहे, आणि एकवीस वर्षांच्या मुलाला जे पेलत नाही ते त्याने पेललं पाहिजे असं मला वाटत नाही.

अकराजणांपुढे सातजण. मध्यंतरापर्यंत चार गोल झाले. तरी आमचा एकही मुलगा उभा राहून बघत नव्हता. वीसेक मिनिटं उरली असतील तेव्हा ललित पडला. उठला तो एका पायावर. दुसरा पाय टेकवला की त्याचं तोंड वाकडं होत होतं.

पंच भले गृहस्थ होते. ते रावजीला म्हणाले, "हा बाहेर गेला तर मला सामना थांबवावा लागेल. सहाजणांवर नाही खेळता येत."

रावजी आत गेला. मी रेघेपाशीच होते, मला सगळं ऐकू येत होतं. तो ललितपुढे गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "चल, बाहेर ये."

"सर, मग सामना सोडल्यासारखंच होईल."

"होऊ दे. तुझा पाय मोठा हाय."

"आपलं नाव जाईल सर. तुम्ही प्राचार्यांना शब्द दिलाय." ललितला एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"शब्द मी दिला. पाय तुझा हाय. ऊठ."

रावजीचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठच दिसत होती. ज्या एका गोष्टीसाठी तो सहा रविवार उभा होता ती तो सोडायला निघाला होता, आणि त्याचा आवाज जराही हलला नव्हता.

तेवढ्यात योगेश आला. "सर, पाय नीट बघून घ्या. मोडला असंल तर मीच उचलून नेतो त्याला. पण नुसता मुरगळला असंल तर त्याला तिथं रेघेजवळ उभा करा. त्यानं हालायचं नाय. त्याची पात आम्ही काढतो."

रावजीने बूट उतरवला. घोटा चाचपला, बोटं हलवून पाहिली, पुन्हा चाचपली. पंचही वाकून बघत होते. मग रावजीने गळ्यातला मफलर काढला आणि घोट्याला घट्ट बांधला. "नुसता उभा राहायचं. बॉल अंगावर आला तरी पाय उचलायचा नाय. दुखलं की लगेच हात वर कर. माझ्याकडं न बघता."

"हो सर."

पुढची वीस मिनिटं ललित रेघेशेजारी एका पायावर भार देऊन उभा होता, बगळ्यासारखा. त्याच्या अंगावरून चेंडू गेला, माणसं गेली. त्याच्या पट्ट्यात कधी योगेश धावत यायचा, कधी दुसरा, एकदा तर बारकू गोल सोडून आला आणि सगळ्यांच्या शिव्या खाऊन परत गेला. आणखी दोन गोल झाले. रावजी एका शब्दानेही ओरडला नाही. तो ललितच्या हाताकडे बघत होता. हात वर गेला नाही.

शिट्टी वाजली. सहा-शून्य. हंगामातला आमचा सगळ्यांत मोठा पराभव.

समोरच्या संघाची मुलं आनंदाने ओरडली, मग एकेक करून ललितपाशी आली. त्यांच्यातल्या दोघांनी त्याला खांद्याचा आधार देऊन बाहेर आणलं. रावजी पंचांकडे गेला. सामन्याच्या कागदावर 'पूर्ण' या शब्दासमोर त्यांची सही घेतली, कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. आधीचे पाच कागद तिथेच होते. मग तो जरा लांब जाऊन झाडाकडे तोंड करून उभा राहिला. मी गेले नाही. काही वेळा मुलांना वर्गाबाहेर उभं राहू द्यावं लागतं.

संघ राहिला. रावजी राहिला नाही. एकाच हंगामाचं ठरलं होतं, आणि सहा पराभवांनंतर कॉलेजने शिकलेला माणूस नेमायचं ठरवलं. प्राचार्यांनी त्याला बोलावून चहा दिला आणि हंगामाचा अहवाल लिहून द्यायला सांगितलं. तो कच्चा कागद घेऊन रावजी माझ्याकडे आला. "बाई, ऱ्हस्वदीर्घ तेवढं बघा."

अक्षर तसंच होतं, मोठं आणि सुटं. अहवाल चार ओळींचा. 'सहा सामने ठरले होते. सहाही पूर्ण खेळलो. एकही जिंकलो नाही. एकाही खेळाडूने पात सोडली नाही.' पहिली तीन वाक्यं बरोबर होती. शेवटचं वाचून मी म्हटलं, "हे खरं नाही रे. सार्थक गेला. आणखीही गेले."

"जो गेला तो माझ्या हातात देऊन गेला बाई. पट्टी काढून, तोंडावर सांगून. मी तर पानी प्यायला म्हनून गेलो होतो." मग म्हणाला, "राहू द्या ते वाक्य."

मी राहू दिलं.

परवा तो टाइप केलेल्या अहवालाची एक प्रत मला द्यायला आला. ऑफिसातल्या खंडेरावांनी केला होता. खंडेराव शहरात वाढलेले, काम चोख. त्यांना चूक दिसली असावी आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे सुधारली होती. शेवटची ओळ अशी होती: 'एकाही खेळाडूने पास सोडली नाही.'

रावजीला मी ती बोटाने दाखवली. त्याने वाचली, पुन्हा वाचली आणि हसायला लागला. अख्ख्या हंगामात मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी चष्मा लावून पेन शोधू लागले तर तो म्हणाला, "नको बाई. सह्या झाल्या. खंडेरावभाऊंना पुन्हा सगळं करावं लागंल."

"अरे, पण कॉलेजच्या दप्तरात चूक राहील."

"राहू दे. पोरांना म्हाईत हाय." तो चप्पल घालू लागला. "निघतो मी. उद्या नव्या सरांनी नव्या संघाची निवड ठेवलीय. चाळीस पोरांनी नावं दिलीत म्हने. फक्की मारायचीय."

तो गेल्यावर मी माझ्याजवळच्या प्रतीतला तो 'स' लाल पेनाने खोडला आणि वर 'त' लिहिला.